बावीस सेकंदांचा रस्ता

डोलोरेसला लिंडन रस्ता ओलांडायला बावीस सेकंद लागत. तिच्या नवऱ्याने, कॅसिमिरने, स्टॉपवॉच लावून मोजली होती, पण घरातल्या घरात, तिला वॉकर घेऊन स्वयंपाकघर ते मागचं दार अशा फेऱ्या मारायला लावून. प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायची सोय नव्हती. लिंडन रस्त्यावरच्या गाड्या माणसाला फार तर नऊ सेकंद देत. उरलेल्या तेरा सेकंदांचं काय करायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

पलीकडे असं काय ठेवलं होतं? पलीकडे बर्निस होती. डोलोरेसची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, नाकात ऑक्सिजनची नळी, घराच्या पायऱ्या उतरायची बंदी. चाळीस वर्षं दर मंगळवारी दोघी बहिणी बर्निसच्या स्वयंपाकघरात पत्ते कुटत आल्या होत्या. ऑक्टोबरात डोलोरेसचा खुबा बदलला आणि पत्ते बंद पडले. तेव्हापासून दोघी आपापल्या खिडकीत बसून फोनवर बोलत आणि बोलता बोलता एकमेकींना हात करत. बर्निसचे डॉक्टर आता तिच्यासमोर पुढच्या वर्षाचं नाव काढत नसत. हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही त्यावर बोलत नसत.

बायकोला गाडीत घालून पलीकडे न्यावं, हे कॅसिमिरला सुचलं नव्हतं असं नाही; तो काही दुधखुळा नव्हता. नोव्हेंबरात त्याने तिला गाडीत बसवलं, वळसा घालून बर्निसच्या दारात गाडी उभी केली, उतरायला आपल्या बाजूचं दार उघडलं, आणि मागून आलेल्या एका व्हॅनने ते दार नेलं. व्हॅनवाला थांबलासुद्धा नाही. दार पुढच्या चौकात सापडलं आणि गाडी भंगारात गेली. डिसेंबरात तो झाडूला लाल फडकं बांधून भर रस्त्यात उभा राहिला. गाड्या खड्ड्याला घालतात तसा त्याला वळसा घालून गेल्या. सिग्नल होता, पण पाच चौक सोडून. तिथपर्यंत जाऊन परत यायचं तर डोलोरेसला डबा बांधून द्यावा लागला असता.

छत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. समोर बघून काम केलं नाही तर बोटं जातात, हे त्याच्या अंगात मुरलेलं. निवृत्त झाल्यापासून तो पोर्चवर खुर्ची टाकून बसे आणि समोर न बघणारी माणसं बघे. एक जण रोज सकाळी आठ वाजता मांडीत वाडगा घेऊन दूध-सिरियल खात जाई. एक हात वाडग्याला, एक चमच्याला. गाडी कोण चालवत होतं देव जाणे. एक बाई आरशात बघून पापण्या काळ्या करी. एकाच्या मांडीवर कुत्रा असे आणि त्या गाडीत रस्त्याकडे लक्ष काय ते त्या कुत्र्याचंच. फोनवाल्यांची तर गणतीच नको. कॅसिमिर प्रत्येकाला मूठ दाखवी आणि ओरडे, "समोर बघ, गाढवा!"

"आत ये," डोलोरेस म्हणे. "काचा बंद असतात त्यांच्या. काही ऐकू जात नाही."

"मला जातं ना."

सहा वर्षांत त्याने कोपऱ्यावर स्टॉपची पाटी मागणारी अकरा पत्रं लिहिली. बाराव्या वेळी फोन केला. पालिकेच्या कचेरीत मिसेस प्रिट नावाच्या बाई होत्या. आवाज मऊ, अगदी सायीसारखा.

"तुमच्या कोपऱ्यावर तीन वर्षांत एकही गंभीर अपघात नाही, सर. पाटी नियमात बसत नाही."

"माझ्या गाडीचं दार गेलं."

"दार धरत नाहीत."

"मग काय धरतात?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "माणूस. म्हणजे गंभीर जखमी, किंवा..."

"किंवा मेलेला."

"असं मी म्हणत नाही, सर. तक्ता म्हणतो."

"म्हणजे आमच्यातलं कोणी मेलं की फोन करू?"

"नाही, नाही," बाई मनापासून म्हणाल्या, "आम्हाला आपोआप कळतं. तुम्ही तसदी घेऊ नका."

मे महिन्यात ऊन पडलं आणि कॅसिमिरने गॅरेजातली आपली जुनी सायकल बाहेर काढली. चर्चच्या जूनमधल्या विक्रीत द्यायची होती. निळी रंगवायची, पण आधी खाली पांढरा हात. टायर, सीट, चेन नवी घालायचीच होती, म्हणून त्यांना कागद गुंडाळून झाकायचा त्याने कंटाळा केला आणि फवाऱ्याच्या डब्याने सरसकट सगळं पांढरंफेक करून टाकलं. गॅरेजातून वास स्वयंपाकघरात येतो म्हणून डोलोरेस कुरकुरली. तेव्हा त्याने ती कोपऱ्यावरच्या खांबाला साखळीने बांधली, उन्हात वाळेल म्हणून. कुलूप लावायला वाकला आणि तिथेच त्याची पाठ धरली. कसाबसा घरात आला आणि आडवा झाला तो दोन दिवस उठलाच नाही.

लाल किंवा काळी सायकल असती तर काही बिघडलं नसतं. फार तर चोरीला गेली असती. पण त्या शहराची एक रीत आहे. गाडीखाली सायकलवाला मेला की त्याच जागी एक सायकल चाकापासून सीटपर्यंत पांढरी करून खांबाला बांधून ठेवतात. भूतसायकल म्हणतात तिला. लोक फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. कॅसिमिरने अशा चार पाहिल्या होत्या आणि चारही वेळा टोपी काढली होती. पण स्वतःच्या हातात रंगाचा डबा असला की माणसाला फक्त ओघळ दिसतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कमरेवर हात ठेवून कोपऱ्यावर गेला. सायकलच्या पायाशी फुलांच्या पाच जुड्या होत्या, काचेतल्या मेणबत्त्या होत्या, आणि एका पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'तू कोण होतास, आम्हाला ठाऊक नाही. विसरणार नाही.' कॅसिमिरने खिशातून किल्ली काढली.

"आजोबा, हात लावू नका तिला."

मागे डोक्यावर हेल्मेट घातलेली एक तरुण मुलगी सायकलवरून उतरत होती. तिचं नाव इंग्रिड, हे त्याला नंतर कळलं.

"अगं, मी फक्त..."

"लोक काढून नेतात. घरासमोर बरं दिसत नाही म्हणे." ती ओरडत नव्हती, त्यामुळे जास्तच लागत होतं. "माझा भाऊ पंधराव्या रस्त्यावर गेला. त्याची सायकल तीनदा काढली लोकांनी. तीनदा मी परत बांधली."

अशा पोरीला, बाई गं, ही माझी आहे आणि चर्चच्या विक्रीत द्यायची आहे, हे सांगायला फार निर्ढावलेला माणूस लागतो. कॅसिमिर शब्द जुळवत होता, तेवढ्यात पाठीमागे त्याने सहा वर्षांत न ऐकलेला आवाज ऐकला. कोणीतरी ब्रेक दाबला होता. एक भलामोठा ट्रक चौकात येऊन थांबला आणि ड्रायव्हरने सायकलकडे बघून टोपी काढली. त्याच्या मागे सिरियलवाला थांबला. त्याने चमचा वाडग्यात ठेवला आणि मान खाली घातली. कॅसिमिर सवयीने मनात मोजत होता. सव्वीस सेकंद झाली, मग ट्रक हळूच हलला.

त्याने किल्ली परत खिशात टाकली. "माफ कर, पोरी," तो म्हणाला, आणि धरलेल्या पाठीने जमेल तेवढ्या घाईने घराकडे गेला.

"डोलोरेस, कोट घाल."

"कुठे जायचंय?"

"पत्ते खेळायला."

सात महिन्यांनी डोलोरेस फुटपाथवरून खाली उतरली. डावीकडून येणारी गाडी थांबली. उजवीकडची थांबली. कुत्रेवाला तर काच खाली करून "सावकाश, मावशी," म्हणाला. रस्त्याच्या मधोमध येऊन ती उभी राहिली, तेव्हा कॅसिमिरच्या तोंडचं पाणी पळालं.

"थांबू नको, बाई."

"बघू दे की जरा. इथून आपलं घर कसं दिसतं ते विसरले होते मी."

बर्निस दारातच नळी ओढत उभी होती. "उशीर केलास," ती म्हणाली. "पत्ते केव्हाचे पिसून ठेवलेत." मग दोघी बहिणी रडल्या. कॅसिमिर तिथल्या नळाला गळती आहे का ते बघायला आत गेला. नळ ठणठणीत होता, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

इथे जर हे प्रकरण मिटलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? पण हार्डवेअरवाल्या एल्मरची नजर आडवी आली. त्या सायकलची चेपलेली घंटा एल्मरनेच कधीकाळी बसवून दिली होती. ती त्याने पांढऱ्या रंगाखालीही ओळखली. पोर्चवरची खुर्ची तीन-चार दिवस रिकामी, कोपऱ्यावर कॅसिमिरची सायकल पांढरी. दोन अधिक दोन चार करून एल्मर संध्याकाळी दारात हजर झाला, हातात बटाटे, चीज आणि हॅमची गरम बशी घेऊन. कॅसिमिर तेव्हा न्हाणीघरात पाठ शेकत होता.

"मी घंटा ओळखली, डोलोरेस," एल्मर म्हणाला. "काय बोलू तेच कळत नाही."

डोलोरेसला आधी काही उमगेना. मग तिने एल्मरच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. कोपऱ्यावर एक गाडी थांबली होती. डोलोरेस दर रविवारी चर्चला जाणारी बाई, खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही. तिने जरा विचार केला.

"बोलण्यासारखं काय आहे, एल्मर."

"त्या कोपऱ्यावरच झालं ना?"

"कोपऱ्यावरच."

"फार त्रास झाला का त्याला?"

"फार. दोन दिवस विव्हळत होता."

एल्मरने डोळे पुसले. "चांगला माणूस होता."

"आता मी काय सांगणार," डोलोरेस म्हणाली आणि बशी हातात घेतली.

दार लागल्यावर कॅसिमिर कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "तू मला मारलंस," तो म्हणाला.

"मी एक अक्षर खोटं बोलले नाही. तुझ्या पाठीविषयी बोलले."

"मी आत्ता जाऊन त्याला सांगतो."

"सांग की. मंगळवारनंतर सांग." तिने बशी टेबलावर ठेवली. "बर्निसला काल रात्री दोनदा धाप लागली, कॅझ."

कॅसिमिर टॉवेलातच टेबलाशी बसला. त्याने काटा घेतला आणि आपल्याच दुखवट्याचं हॅम खाल्लं.

त्या दिवसापासून कॅसिमिरचं पोर्चवर जाणं बंद झालं. सायकलीवर आता त्याचं नाव लागलं, गावभर झालं, आणि मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं ते वाहायला लागलं. घरात आणखी पाच बश्या आल्या. आणून देणाऱ्यांपैकी निम्म्यांना कॅसिमिरने कधी ना कधी गाढव म्हटलं होतं. सिरियलवाल्याने कार्ड ठेवलं: 'तुम्ही रोज सकाळी मला हात करायचात. आता रस्ता सुना वाटतो.'

"हात?" कॅसिमिर पडद्याआडून खेकसला. "मूठ दाखवायचो मी त्याला."

"हळू बोल," डोलोरेस म्हणाली. ती रोज दोनदा रस्ता ओलांडत होती आणि तिच्या गालांवर रंग आला होता. "तू गेल्यापासून घर किती शांत झालं होतं."

तिकडे नगरसेवक ग्रोव्ह यांच्या कानावर गोष्ट गेली. निवडणूक तोंडावर आलेली. पोलिसांच्या दप्तरी या अपघाताची नोंद नाही, असं मिसेस प्रिटनी त्यांना कळवून पाहिलं. त्यावर ग्रोव्ह म्हणाले, बघा, आमच्या पोलिसांना माणूस मेलेलासुद्धा कळत नाही. रविवारी दुपारी चार वाजता कोपऱ्यावर शोकसभा ठरली, आणि तीन वाजता पालिकेची गाडी येऊन नवीकोरी लाल स्टॉपची पाटी रोवून गेली. कॅसिमिरने ती पडद्याच्या फटीतून पाहिली. आपण जिवंतपणी सहा वर्षं जे मागितलं ते मेल्यावर चार दिवसांत मिळालं, या विचाराने त्याला आनंद व्हावा की भडभडून यावं तेच कळेना.

सभेला चाळीस-पंचेचाळीस माणसं आली आणि तेवढ्याच गाड्या. निम्म्या गाड्या पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर लागल्या. ग्रोव्ह दहा मिनिटं बोलले. कॅसिमिर हा या वस्तीचा डोळा होता, असं ते म्हणाले. त्यांनी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. इंग्रिडने मेणबत्ती लावली. डोलोरेस काळा कोट घालून वॉकर धरून उभी होती आणि येईल त्याला "हो, कठीण आहे" म्हणत होती, आणि तेही खरंच होतं. शेवटी कागदी बश्यांतून केक वाटला आणि सगळे आपापल्या गाड्यांकडे वळले.

बर्निसने खिडकीतून हात केला. डोलोरेस नव्या पाटीखालून रस्त्यात उतरली. कॅसिमिर पडद्याआड मोजायला लागला.

पहिली गाडी ग्रोव्ह यांची. पाटीपाशी ती जरासुद्धा हळू झाली नाही. नगरसेवक फोन कानाला लावून शोकसभा कशी झाली ते कोणाला तरी सांगत होते. डोलोरेस दचकून थांबली. दुसरी गाडी पापण्यावाल्या बाईची. ती हातातल्या फोनवर सायकलीचा नुकताच काढलेला फोटो सगळ्यांना धाडत होती. ती वॉकरच्या हातभर पुढून गेली. सातवं सेकंद. तिसरा सिरियलवाला. त्याच्या मांडीत केकची बशी होती, बोट क्रीममध्ये, नजर बशीत, आणि गाडी सरळ डोलोरेसच्या रोखाने.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कॅसिमिरची मेल्यावरही गेली नाही. धाडकन दार उघडून तो अंगातल्या झोपायच्या झग्यावर, पायात सपाता, पायऱ्या उतरून रस्त्यात आला. मूठ वर आणि आवाज चौकाच्या पार पलीकडे.

"समोर बघ, गाढवा!"

सिरियलवाल्याने वर पाहिलं. ज्याच्या नावाचा केक तो खात होता तो माणूस झग्यात उभा राहून त्याला मूठ दाखवत होता. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर दिले आणि केक काचेला जाऊन चिकटला. मागची गाडी थांबली, समोरची थांबली, दोन्ही दिशांना पार सिग्नलपर्यंत सगळा लिंडन रस्ता थिजला. एल्मर फुटपाथवर मटकन खाली बसला. त्या सगळ्या शांततेत वॉकरच्या रबराचा तेवढा आवाज येत होता. डोलोरेसने मागे वळूनही पाहिलं नाही. ती पलीकडच्या फुटपाथवर चढली, बर्निसच्या दारातून आत गेली आणि दार लागलं.

पुढचं सांगण्यात काही मजा नाही. ग्रोव्ह यांनी आपला या प्रकाराशी संबंध नसल्याचं जाहीर केलं. एल्मर आला आणि आपली बशी घेऊन गेला. ती धुतलेलीही नव्हती. सोमवारी पालिकेची माणसं आली. पाटी लागायला सहा वर्षं लागली होती, निघायला सहा मिनिटं पुरली. पाठोपाठ मिसेस प्रिटचं पत्र आलं: 'आपण हयात असल्याचे समजून आनंद झाला. मात्र त्यामुळे पाटीसाठीची अट पूर्ण होत नाही.'

कॅसिमिर सायकल सोडवायला गेला तेव्हा इंग्रिड मेणबत्त्या गोळा करत होती. पोरगी आता काय काय बोलेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि तोंड लपवायला जागाही नव्हती.

"माझ्या भावाच्या कोपऱ्यावर पाटी यायला चौदा महिने लागले," ती म्हणाली. "तुम्हाला चार दिवसांत मिळाली."

"चुकलं माझं, पोरी."

"चुकलंच." तिने शेवटची मेणबत्ती पिशवीत टाकली आणि रस्त्याकडे पाहिलं. एकामागून एक गाड्या सुसाट चालल्या होत्या. "पण ते चार दिवस थांबत होते सगळे. मी रोज येऊन बघत होते." एवढं बोलून ती सायकलवर बसली आणि निघून गेली.

डोलोरेस मात्र परत आली नाही. यायची तिची इच्छा होती, पण पाटी गेली, सायकल गेली, गाड्या पुन्हा नऊ सेकंदांवर आल्या. कॅसिमिर रोज दुपारी एकदा जीव मुठीत धरून तिची औषधं, कपडे आणि दुखवट्यातलं उरलंसुरलं पलीकडे पोचवून येई. पाठ बरी असली तर त्याला आठ सेकंद लागत. बाकी वेळ तो पोर्चवर बसे, ती बर्निसच्या खिडकीत बसे, आणि दोघं फोनवर बोलत. मधून मधून ती हात करी. आधी ज्या खिडकीतून ती बहिणीला हात करायची, ती समोर रिकामी होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"काय म्हणतेय बर्निस?" कॅसिमिरने विचारलं.

"अंथरुणातच खेळतो आता. पत्ते तिचे मीच धरते. तरी जिंकते मेली."

"तू ये की एकदा घरी. मी झाडू घेऊन उभा राहतो."

"आणि परत इकडे कशी येऊ? एकदा तिकडे आले की मी तिकडचीच." मग डोलोरेस हळू आवाजात म्हणाली, "कॅझ, तो पांढऱ्या रंगाचा डबा टाकलास का रे?"

"नाही. अर्धा उरलाय. का?"

"बर्निसच्या तळघरात तिच्या नवऱ्याचा वॉकर पडलाय. ती म्हणते, त्याला आता काय करायचाय."

कॅसिमिरने रस्त्याकडे पाहिलं. समोरून सिरियलवाला गेला, वाडगा मांडीत, चमचा तोंडात. बर्निसच्या दारापुढे एक खांब होता, चांगला मजबूत. तो त्याने आजवर कधी नीट पाहिला नव्हता.

"चाकंसुद्धा रंगवावी लागतील," तो म्हणाला.

"चाकंसुद्धा," डोलोरेस म्हणाली. "या वेळी झाकायचा कंटाळा केलास तरी मी काही बोलणार नाही."